मुक्या आमदाराचं गाऱ्हाणं

माझे बाबा आमदार होते, आणि निवडून आल्याला वर्ष उलटलं तरी सभागृहात त्यांनी तोंड उघडलं नव्हतं. म्हणजे एकदा उघडलं होतं, पण ते उघडलं नसतं तर बरं झालं असतं. ते येतंच पुढे. मी आता टायपिस्ट आहे, ऑफिस सुटल्यावर थोडा वेळ मशीन मोकळं असतं, तेवढ्यात हे सगळं बडवून काढायचंय. माझी बोटं डोक्याच्या पुढे पळतात, तेव्हा काही मागेपुढे झालं तर चालवून घ्या. पण कुणाला तरी सांगितल्याशिवाय मला चैनच पडत नाहीये!

आम्ही घाटकोपरच्या डोंगरावर राहायचो. सगळी वस्ती कोकणातली, रत्नागिरी आणि मालवणकडची. घरं पत्र्याची, उतारावर एकावर एक ठेवल्यासारखी. बाबा साकीनाक्याच्या एका कारखान्यात लेथ मशीनवर होते. डोंगरावर सगळं होतं. भजनी मंडळ होतं, गणपतीचं मंडळ होतं, दोन पिठाच्या गिरण्या होत्या, माथ्यावर पिंपळ आणि त्याखाली देव होता. फक्त पाणी नव्हतं. नळ एकच, डोंगराच्या पायथ्याशी. आई अंधार असतानाच उठायची, खाली रांगेत उभी राहायची आणि डोक्यावर एक, कमरेवर एक अशा कळश्या घेऊन वर चढायची. मग पुन्हा खाली. तिची मान कायम एका बाजूला कललेली असायची. मला वाटायचं, माझी आई मुळातच तशी आहे. खरंच सांगते, मोठी होईपर्यंत मला तसंच वाटायचं.

आता बाबा आमदार कसे झाले? गाऱ्हाण्यामुळे! हे समजावून सांगायला हवं, नाहीतर पुढची सगळी मजा जाईल. आमच्याकडे पूजा असो, गणपती असो, नवीन घर असो, आरती संपली आणि घंटी थांबली की एक माणूस हात जोडून देवासमोर उभा राहतो आणि सगळ्यांच्या वतीने देवाकडे मागणं घालतो. ते गाऱ्हाणं. तो एकेक वाक्य म्हणतो आणि जमलेले सगळे एका दमात ओरडतात, "व्हय म्हाराजा!" हा होकार दिला नाही तर मागणं अर्धवट राहतं. त्यामुळे तो आमच्या अंगातच भिनलेला असतो. तान्हं पोरसुद्धा दुधाची बाटली सोडून 'व्हय' म्हणतं. आणि एकदा म्हटलेलं 'व्हय' परत घेता येत नाही. देवासमोर बोललात ना? झालं मग.

बाबांचं गाऱ्हाणं म्हणजे काय सांगू, झकास! आवाज असा की खालच्या रस्त्यावर बस थांबावी. दिंडोशीपासून देवनारपर्यंत कुठेही कोकणातल्या माणसाच्या घरी कार्य असलं की बाबांना बोलावणं यायचं. आणि ते हुशारी पण करायचे. आमच्या शेजारचे काका, त्यांच्या दारासमोरच्या पायऱ्या मोडलेल्या, रोज कुणीतरी पडायचं. काकांकडे सत्यनारायण होता तेव्हा बाबांनी गाऱ्हाण्यात मधेच घुसवलं, "आणि यजमानाच्या हातून ह्यो पायऱ्यो नीट करून घे रे म्हाराजा!" काका सगळ्यांच्या पुढे ओरडले, "व्हय म्हाराजा!" मग जीभ चावली, पण उशीर झाला होता. पुढच्या रविवारी सिमेंट कालवत बसले होते, शिव्या देत.

तर पक्षाला वाटलं, हा माणूस सगळ्यांना माहीत आहे, आवाज आहे, कामगार आहे. दिलं तिकीट. आणि बाबा निवडून आले! मी तेव्हा अकरावीत होते, शाळा सुटली की टायपिंगच्या क्लासला जायचे. आमच्या दारात एवढी माणसं जमली की आई चहा करता करता रडायला लागली, कारण चहाला पाणी पुरेना. बाबा दारात उभं राहून म्हणाले, "पाणी डोंगरार आणलंय नाय, तर पुन्हा तुमच्याकडे मत मागूक येवचंय नाय." हा शब्द सगळ्यांनी ऐकला.

आणि मग वाट लागली.

पहिल्याच अधिवेशनात पाण्यावर बोलायची संधी मिळाली. बाबा उभे राहिले, "अध्यक्ष महाराज," म्हणाले, आणि थांबले. पुढे काहीच नाही. पुन्हा म्हणाले, "अध्यक्ष महाराज…" पुन्हा काही नाही. समोरच्या बाकावरून कुणीतरी म्हणालं, "सन्माननीय सभासदांना आधी पाणी द्या!" सगळं सभागृह हसलं. बाबा खाली बसले ते बसलेच. दुसऱ्या दिवशी पेपरात दोन ओळी आल्या, आणि डोंगरावर त्यांचं नाव पडलं मुका आमदार.

घरी बाबा कुणाशी बोलेनात. दारात यायचे नाहीत. मासे घेऊन येणारी कोळीण, ती तर कुणालाच सोडायची नाही. टोपली उतरवता उतरवता हाक मारायची, "काय रं आमदारा, तोंडान बोंबील कोंबलाय का काय?" आई तिच्यावर ओरडायची, पण तिच्याकडूनच बोंबील घ्यायची. शेजारचे काका, पायऱ्यांचा राग अजून धरून बसलेले, मुद्दाम मोठ्याने म्हणायचे, "आमच्या दारात गाऱ्हाणी घालूक बरी जीभ चलत होती. थंय काय झाला?"

पाण्याचं तर अजूनच अवघड झालं होतं. पाण्याच्या ऑफिसात गेलं की सांगायचे, डोंगरावरची घरं बेकायदा, बेकायदा घरांना नळ देता येत नाही. बाबांनी अर्ज दिले, सगळे मी टाइप करून दिलेले, चकचकीत. फरक शून्य. आता एकच वाट उरली होती. मंत्र्यांनी सभागृहात उभं राहून 'देतो' म्हटलं, तर ते आश्वासन होतं. मग सरकारला ते पाळावं लागतं, नाहीतर जाब द्यावा लागतो. पण मंत्री 'देतो' कधी म्हणणार? कुणीतरी सभागृहात मागितल्यावर. आणि मागणार कोण? आमचा मुका आमदार.

एका रविवारी डोंगरावरची मोठी माणसं आमच्याकडे आली. रागावून नाही, हेच जास्त वाईट होतं. एक आजोबा म्हणाले, "ह्या बजेटात बोल बाबा. नाय जमला तर तसा सांग. आमी दुसऱ्याचे पाय धरू. बायलमाणसां थकली रे आता." आई आतून ऐकत होती. तिच्या भांड्यांचा आवाज थांबला.

ते गेल्यावर मी बाबांना सरळच विचारलं, "बाबा, तुम्हाला होतं काय नक्की तिथे? घाबरता?"

"घाबरूचा काय त्येच्यात? अख्ख्या चाकरमान्यांपुढे बोललंय मी."

"मग?"

बाबांनी इकडेतिकडे पाहिलं. मग हळूच म्हणाले, "थंय सुरुवात कशी करतत? अध्यक्ष महाराज. ह्यो शब्द तोंडात इलो ना, की माझी जीभ आपसूक गाऱ्हाण्यार जाता गो. अध्यक्ष म्हाराजा, आज ह्या ठिकाणी… असा सुरू होता. ता धरून ठेवूक गेलंय की सगळाच अडकता. शुद्ध बोलूचा म्हणून आठवतंय, तर आठवणा नाय."

मला आधी हसू आलं, मग नाही आलं. मी म्हटलं, बाबा, मी तुम्हाला भाषण लिहून देते, तुम्ही फक्त वाचा. आणि मी लिहिलं! 'माझ्या मतदारसंघातील डोंगराळ भागात वास्तव्य करणाऱ्या नागरिकांस पेयजलाची सुविधा उपलब्ध करून देण्याबाबत…' मोठ्या अक्षरात, दोन ओळींमध्ये भरपूर जागा सोडून टाइप केलं. बाबा रोज सकाळी दाढी करताना पाठ करायचे, शाळेतल्या मुलासारखे, 'उपलब्ध'वर दर वेळी अडखळायचे. आई ऐकून ऐकून वैतागली.

"ह्यां भाषण कोणाचा ओ? तुमचा तर वाटणा नाय."

"गप ऱ्हव तू. चेडवान मेहनत केलीहा."

"मेहनत केलीहा ता दिसता. पण देवाक तरी कळात काय, तुमी काय मागतास ता?"

"थंय देव नाय, मंत्री असतत."

"मग त्येंका तर बिलकुलच कळाचा नाय."

तो दिवस आला. प्रेक्षकांच्या गॅलरीचे पास बाबांनी मिळवले, मी, आई, शेजारचे काका आणि डोंगरावरची चार-पाच माणसं. काका का आले? म्हणे, "मजा बघूक." फोर्टातला तो जुना कौन्सिल हॉल, तिथेच तेव्हा विधानसभा भरायची, उंच छत, पंखे लांब दांड्यांवर लटकलेले, खाली पांढरे कपडे घातलेली माणसं. दारावरच्या शिपायाने बजावलं, गॅलरीत बोलायचं नाही, टाळ्या नाहीत, हसायचं नाही, नाहीतर बाहेर. आई पहिल्यांदाच आली होती. नवीन लुगडं, आणि मान नेहमीसारखी एका बाजूला. ती माझ्या कानात म्हणाली, "बाबा खंय दिसतत?" मी दाखवलं. शेवटून दुसऱ्या बाकावर, खिशात माझं भाषण, आणि कपाळावर घाम मला वरून दिसत होता.

ज्या खात्याकडे पाणी होतं त्याचे मंत्री समोर बसले होते. हे मंत्रीही मूळचे कोकणातलेच, पण ते कधी दाखवायचे नाहीत. त्यांचं मराठी असं की जणू इस्त्री करून आणलंय. आधी चार जण बोलले. मग अध्यक्षांनी बाबांचं नाव पुकारलं. समोरच्या बाकांवर दोघे कोपराने एकमेकांना ढोसताना मी पाहिले. 

बाबा उठले. कागद उघडला. "अध्यक्ष महाराज," म्हणाले. थांबले. माझे डोळे मिटले. मग ऐकू आलं, "माझ्या… मतदारसंघातील… डोंगराळ भागात…" वाचत होते! हळू, तुटक, पण वाचत होते. 'उपलब्ध' आला. बाबा अडखळले. पुन्हा घेतलं. पुन्हा अडखळले. कुणीतरी हसलं. बाबांची जागा हरवली, कागद मागेपुढे करायला लागले, वेळ चाललेला. आणि नेमकी अध्यक्षांनी वेळ संपत आल्याची घंटी वाजवली. टण् टण् टण्.

घंटी थांबली.

बाबांनी कागद खाली ठेवला. आई माझा हात धरून होती, तिची नखं एकदम रुतली, कारण तिला माझ्या आधी कळलं. बाबांनी हात जोडले, डोळे मिटले, मान वर केली. आणि तो आवाज आला, आमच्या डोंगरावरचा, बस थांबवणारा.

"हे अध्यक्ष म्हाराजा! आज ह्या तुझ्या दरबारात तुझी सगळी लेकरां गोळा झाली आसत म्हाराजा!"

 आणि मग मागच्या बाकावरून, कुठला तरी रत्नागिरीकडचा सभासद, अगदी बारीक आवाजात, जसं झोपेत बोलावं तसं म्हणाला, "व्हय म्हाराजा…"

"आमच्या डोंगरार जी माणसां ऱ्हवतत, ती काय चोर न्हय म्हाराजा! तेंच्या हातान ह्या मुंबयचे कारखाने चलतत म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" आता तिघे-चौघे होते. गॅलरीत आमची माणसं कशी बसली होती विचारू नका. आईने पदर तोंडात कोंबला होता. काकांनी दोन्ही हातांनी स्वतःचं तोंड दाबलं होतं, शिपाई त्यांच्याकडेच बघत होता.

"तेंच्या बायलमाणसांच्यो माना कळशेखाली मोडल्यो म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

बाबांचे डोळे मिटलेलेच. ते तिथे नव्हतेच, ते आमच्या पिंपळाखाली होते. दम घेतला आणि एका श्वासात म्हणाले, "तर खालच्या नळापासून वर पिंपळापर्यंत पायप घालूची बुद्धी ह्या तुझ्या मंत्र्यांका दी, आणि येत्या गणपतीआधी डोंगरार पाणी येवंदे रे म्हाराजा!"

आणि समोरून, पहिल्या बाकावरून, सगळ्यांत मोठ्याने, खणखणीत, इस्त्री मोडून आवाज आला.

"व्हय म्हाराजा!"

मंत्री!

शपथ सांगते, मंत्री! त्यांचेही हात जोडलेले. क्षणभर त्यांनाच कळलं नाही काय झालं. मग हात खाली घेतले आणि चेहरा असा लाल झाला की वरून दिसला. सगळं सभागृह बाकं बडवायला लागलं. बाबांनी डोळे उघडले, आजूबाजूला बघितलं आणि मटकन खाली बसले.

बाबांच्या पक्षाचे एक म्हातारे सभासद होते, नियमांचं पुस्तक तोंडपाठ असलेले. ते काठी टेकत उठले. "अध्यक्ष महाराज, मंत्रिमहोदयांनी या सभागृहात स्पष्ट होकार दिलेला आहे. तो आश्वासन म्हणून कामकाजात घ्यावा." पुन्हा हशा. अध्यक्षही ओठ दाबत म्हणाले, "मंत्रिमहोदयांना काही खुलासा करायचा आहे काय?"

आता एक शब्द पुरे होता. 'मी गमतीने म्हणालो' एवढं म्हटलं असतं की संपलं. मंत्री उठले. चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. आई पुटपुटली, "घेऊ नको रे माघारी, घेऊ नको." मंत्री म्हणाले, "अध्यक्ष महाराज, गाऱ्हाण्याला दिलेला होकार मागे घेण्याची आमच्याकडे रीत नाही." आणि बसले.

काकांनी तोंडावरचे हात काढले आणि इतका वेळ कोंडलेलं सगळं एकदम बाहेर पडलं, "व्हय म्हाराजा!!" शिपायाने त्यांना दंडाला धरून बाहेर काढलं. काका हसत हसत गेले.

बाबा बाहेर आले तेव्हा आम्ही फाटकापाशी होतो. सदरा पाठीला चिकटलेला. त्यांना अजून काहीच नीट कळलं नव्हतं. "माझी वाट लागली ना गो? सगळी हसली. आता पेपरात काय येतला?"

आई म्हणाली, "हसली ती हसांदेत. मंत्र्यान काय म्हटला, ऐकलास काय?"

मी सांगितलं. पुन्हा सांगितलं. बाबा फूटपाथवर बसलेच, आमदार असूनही, सरळ खाली. आईने पिशवीतली बाटली दिली, त्यांनी ती घटाघटा संपवली. मग आईने, डोळे बारीक करून, विचारलं, "ओ, काकांच्या पायऱ्यांसारख्या मुद्दाम केलास काय?"

"माका काय्येक आठवणा नाय," बाबा म्हणाले. आजपर्यंत तेच म्हणतात. मला विचाराल तर… नाही, मलाही खरंच माहीत नाही.

पुढचं राजकारण पटकन सांगून टाकते. बाबा नंतर बोलायला लागले, आपल्याच भाषेत, रेशनवर, रॉकेलवर, शाळेच्या छपरावर. 'अध्यक्ष महाराज' म्हटलं की सभागृहात माणसं गालात हसायची आणि ऐकायची. पुढच्या निवडणुकीत मात्र हरले. बाबा नारळ घेऊन जिंकलेल्याच्या घरी जाऊन आले आणि पुन्हा लेथवर. म्हणाले, "सुटलंय. पाणी दिला, आता माका झोप दी." खरंच, इतके हलके झालेले मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. आता रविवारी गाऱ्हाणी घालत फिरतात.

पण पाणी! गणपती जवळ आले तरी पाइप अर्ध्या डोंगरावर. मधे खडक लागला. काका रोज जाऊन बघून यायचे आणि रोज वाईट बातमी आणायचे. बाबांना जेवण जाईना. माणूस सभागृहात जिंकतो आणि खडकाशी हरतो की काय, अशी त्यांची भीती. मग पाइप वळवून घेतला, कोळीण ज्या पायवाटेने वर यायची त्याच वाटेने. ती म्हणाली, "माझी वाट घेतलीस रं, आता माझी टोपली कुठून वर चढल?" पण गणपतीच्या आदल्या दिवशी पाणी आलं, तेव्हा तिनेच सगळ्यांत आधी नळाखाली पाय धुतले.

आधी नळ नुसता खोकला. फुस्स, फुस्स. मग गढूळ, मग स्वच्छ. डोंगर ओरडत होता. नारळ फुटला. सगळे बाबांना म्हणाले, गाऱ्हाणं घाल. बाबा म्हणाले, "घातलाय की. आता फक्त भरून घेवा."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी उठले तर उजाडलं होतं, आणि आई अंथरुणातच होती.  आई? कधी उजेडात झोपलेली मी तिला पाहिलीच नव्हती. मी हात लावायला वाकले, तर दारात बसलेल्या बाबांनी ओठांवर बोट ठेवलं.

"निजांदे तिका," ते कुजबुजले. "रांग नाय आज."

आई घोरत होती. आणि उशीवर मान अगदी सरळ.